लविनियाची सही

पिन शिरत नव्हती. एवढीशी, गंजू लागलेली पिन, पट्टीच्या चार थरांतून पलीकडे काढायची, एवढंच काम. पण हानितेलीची बोटं पन्नास वर्षं माती उकरून इतकी जाड झालेली की पिन कुठं आहे तेच त्यांना कळेना, आणि मग ती एकदम शिरली ती त्याच्या अंगठ्यातच. रक्ताचा थेंब पट्टीवर पडला. तो भडकला. पिनेवर, पट्टीवर... नाही, पिनेवर नाही. काल पायाची फक्त करंगळी काळी होती. आज तिच्या शेजारचं बोटही काळं.

“काय दिसतंय?” लविनियानं विचारलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. त्या पायाला काही कळायचं केव्हाच बंद झालं होतं.

“सुधारतंय.”

खोटं बोललो मी. तीस वर्षं चर्चमध्ये उभा राहून उपदेश करणारा मी, सकाळी सकाळी, बायकोच्या तोंडावर... आणि हे खोटं मला बोलायला लावलं कुणी? त्या देवानंच ना?

आज प्रार्थनेचा चाळिसावा दिवस. पहाटे पाचला घंटा व्हायची, मंडळी अंधारात जमायची, बायका दरवेळी तेच गीत धरायच्या आणि हानितेली गुडघ्यांवर बसून मागायचा – पाय मागायचा, लविनियाचा डावा पाय, साखरेच्या आजारानं नासत चाललेला. पहिल्याच पहाटे त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं होतं, देव हा पाय परत देणार आहे, त्यानं मला तसं सांगितलंय. सांगितलं होतं का? त्या पहाटे त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं होतं, एवढं खरं. तो देव होता, की नुसती आपली इच्छा... हा विचार आला की तो पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं म्हणायचा. पाळकसाहेबांनी त्याचा हात धरून म्हटलं होतं, “हानितेली, तुझ्यासारखा विश्वास हवा.” आणि त्याला ते आवडलं होतं. फार आवडलं होतं.

इस्पितळात जायचं म्हणून, बेटावरच्या रीतीप्रमाणे मान राखायला, दोघांनी कमरेला चटया गुंडाळल्या. शेजारच्या कालोनं आपल्या गाडीतून नेलं. तपासायला होती मेलेसिला. वीस वर्षांपूर्वी रविवारच्या शाळेत हानितेलीसमोर पाय दुमडून बसायची आणि दर वेळी वचन अर्ध्यावर विसरायची, तीच. आता डॉक्टरीण. पट्टी सोडून तिनं पाहिलं, आणि तिचं तोंड पाहून हानितेलीला कळलं की मघाचं खोटं लविनियालाही आता कळलं.

“गुरुजी, सोमवारी करू या,” मेलेसिला म्हणाली. “घोट्याच्या वरून कापावा लागेल.”

“आम्ही ते देवावर सोपवलंय.”

“हो, ठाऊक आहे. माझी आईही येते पहाटे. पण विष वर चढतंय, गुरुजी. हा सोमवार घोट्याचा आहे. पुढचा गुडघ्याचा असेल.”

तो बोलायला लागला. शब्द तयारच होते, चाळीस दिवसांचे घासून गुळगुळीत झालेले – परीक्षा, धीर, शेवटच्या क्षणी येणारा हात – आणि तो बोलत असतानाच लविनियानं विचारलं, “कुठं करायची सही?”

“लविनिया!”

“पाय माझा आहे,” ती म्हणाली. आणि सावकाश, शाळेत शिकली होती तसं एकेक अक्षर जोडत, तिनं पूर्ण नाव लिहिलं.

 परतताना कालोनं दोनदा पाऊसपाण्याचं काढलं आणि सोडून दिलं. तिनं एका सहीत माझे चाळीस दिवस पुसून टाकले, हे हानितेलीच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं. आता रविवारी मी काय बोलू, माझीच पाळी आहे, काय सांगू त्या लोकांना – आणि लगेच दुसरं मन म्हणालं, तुला तिच्या पायाचं पडलंय की तुझ्या शब्दाचं? त्या प्रश्नाचाही त्याला राग आला.

घरी तिला चटईवर टेकवून तो कोयता घेऊन मळ्यात गेला. तण काढायचं होतं. तण काढता काढता तो कोनफळांच्या वेलांपाशी आला. त्यातला सगळ्यात जाड वेल पहिल्या पिकासाठी, देवाला वाहायला राखलेला; त्याखालचा कंद माणसाच्या मांडीएवढा झाला असणार. त्यानं कोयता उचलला आणि तो वेल मुळाशी तोडला. मग पुन्हा, पुन्हा, जमिनीवर पडलेल्या वेलावरही... चीक हातांना लागला. “घे!” तो ओरडला. “हेही घे! तुला पायच हवाय ना? काय मागितलं होतं मी? राज्य मागितलं होतं का? एक म्हातारा पाय!”

बांधापलीकडे काहीतरी खसफसलं. कालो असावा. पाहू दे.

संध्याकाळ होताना तो परतला. लविनिया बसल्या बसल्या अळूची पानं निवडत होती.

“ओरडत होतास म्हणे.”

“कालोला दुसरा धंदा नाही.”

“मग? काय म्हणाला तो?”

“कालो?”

“ज्याच्यावर ओरडलास तो.”

“काही नाही म्हणाला.” तो पायरीवर बसला. “तुझ्याशी बोलला वाटतं? फटकन सही करून मोकळी झालीस.”

तिनं पान खाली ठेवलं. “नाही बोलला. मी घाबरलेय, हानितेली. त्या पायाकडे बघवत नाही मला, म्हणून तर खिडकीकडे तोंड करते. धीर आहे तोवर सही केली. तुझं बोलणं संपेपर्यंत थांबले असते तर केलीच नसती.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलंस कधी? तू रोज पायाबद्दल देवाशी बोलत होतास. माझ्याबद्दल नाही.” तिचा आवाज चढला, चाळीस वर्षांच्या संसारात तो फारसा चढला नव्हता. “विश्वास धरला की भीती जाते, असं तू शिकवायचास. माझी नाही गेली. कधीच नाही गेली. तरी सोमवारी जाणार आहे मी. त्याच्याच भरवशावर.”

त्यानं हातातला कोयता पायरीवर ठेवला. चाळीस पहाटा मी गुडघे झिजवले, आणि ही इथं एकटी.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. घरोघरी दिवे लागले, शेजारी गीत सुरू झालं. लविनियानं हात जोडले. “म्हण प्रार्थना.”

त्यानं डोळे मिटले. गुळगुळीत शब्द आले, रांगेनं, सवयीचे. एकही त्याला उच्चारवेना. शेजारचं गीत संपलं.

“देवा,” तो शेवटी म्हणाला, “मला तुझा राग आलाय. आणि हिला भीती वाटतेय.”

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले.

“आमेन,” लविनिया म्हणाली.

राग गेला नव्हता. छातीत तसाच होता, जड, कढत. उद्याही असणार होता, रविवारी उभं राहायचं तेव्हाही. पण आपण आता काय मागायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं... आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदाच, डोळे मिटून, तो नुसता ऐकत बसला होता.