तीस पावलांचा दोर

"मनगट दाखव," एकहार्ट म्हणाला.

रोस्विताने मुकाट्याने हात पुढे केला. राखाडी झग्याच्या जाड्याभरड्या बाहीखाली नारिंगी रबरी पट्टा होता. रोस्विता कुठे आहे ते त्या पट्ट्यामुळे तिच्या लेकीच्या, सिल्केच्या, फोनवर दिसायचं. लेकीने हिवाळ्यात तो स्वतःच्या हाताने बांधला होता आणि बापाला बजावलं होतं की झोपेतसुद्धा काढायचा नाही.

"चौदाव्या शतकात असलं काही नव्हतं." एकहार्टने पट्टा सोडवला आणि कमरेच्या चामडी बटव्यात टाकला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. मी आहेच की शेजारी."

रोस्विता हसली. हल्ली ती सगळ्यालाच हसायची.

अडतीस वर्षं एकहार्टने घरोघरी फिरून पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले. एवढ्या वर्षांत कुणी त्याला नावाने हाक मारली नाही. पण पेंटेकॉस्ट सणाच्या सुट्टीत गावच्या बागेत जुन्या वेशातला मध्ययुगीन बाजार भरला, की तो दोरवाला एकहार्ट व्हायचा आणि मग त्याच्या काटेकोरपणापुढे कुणाचं काही चालायचं नाही. कुणाच्या हातात घड्याळ दिसलं, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट दिसले, की स्वारी हजर. दुकानांतल्या सगळ्या बायकांनी राखाडी झगा आणि पांढरी टोपीच घालायची, हा नियमही त्याचाच. शेजारची पोळीवाली उल्ला म्हणायची, "याच्यापुढे शिंकायचं झालं तरी जुन्या पद्धतीनं शिंकावं लागतं बाई."

दोर वळायला दोघं लागतात. एक जण चाकाचा दांडा फिरवून तीन पेडांना पीळ देतो. दुसरा तीस पावलं लांब उभा राहतो. त्याच्या हातात खाचांचा लाकडी भोवरा असतो, त्यात तिन्ही पेड वेगवेगळे बसतात, आणि तो धरून तो सावकाश चाकाकडे चालत येतो. त्याच्या मागे दोर तयार होत जातो. हे चालणं रोस्विताचं. यंदाचं बाविसावं वर्ष. ती आधी माणसांची नावं विसरली, मग घरातल्या खोल्या. पण भोवरा हातात दिला की पाऊल चुकायचं नाही. तेवढा वेळ एकहार्टला आपली बायको परत मिळायची, आणि त्यासाठीच तो सिल्केशी भांडून तिला इथे घेऊन आला होता.

तेवढ्यात समोरून चिलखत घातलेला एक तरणाबांड शिपाई गेला. डोळ्यांवर काळा गॉगल. एकहार्टला राहवेना. तो मागे धावला, त्याला थांबवून चांगलं पाच मिनिटं सुनावलं, गॉगल खिशात जाईपर्यंत हलला नाही.

परत आला तर दुकानातल्या बाकावर रोस्विता नव्हती.

"उल्ला, ही कुठे गेली?"

"आत्ता तर होती." उल्लाचे हात पिठात होते. "अहो, मला वाटलं तुमच्याबरोबरच गेली."

एकहार्ट गर्दीत शिरला. जिकडे बघावं तिकडे राखाडी झगे आणि पांढऱ्या टोप्या. त्याने एकीचा खांदा धरला, ती दुसरीच निघाली. आणखी एक धरली, तीही दुसरीच. आपल्याच नियमाने आपला गळा धरलाय हे त्याला कळलं.

"माझी बायको पाहिलीत का? राखाडी झगा, पांढरी टोपी. तिला काही आठवत नाही हो."

लोक थांबले. कुणीतरी फोन काढून त्याचं चित्रण करू लागलं. हातात मधाच्या दारूचा पेला धरलेल्या एका गृहस्थाने कमरेत वाकून मुजरा केला. "महाराज, राणीसाहेब रुसून माहेरी तर नाही ना गेल्या?"

"नाटक नाही हे. खरंच हरवलीय."

"झकास करताय, आजोबा," एक बाई म्हणाली. "अगदी खरं वाटतं."

तो तळ्याकडे पळाला. काठावर बदकं होती, पाणी हिरवं आणि गढूळ. पांढरं काहीतरी तरंगत होतं. तो गुडघाभर पाण्यात उतरला. कागदी पिशवी होती. मागून धापा टाकत आलेल्या उल्लाने आपला फोन त्याच्या हातात कोंबला. "लेक आहे. बोला."

"बाबा, घाबरू नकोस," सिल्के म्हणाली. "मी पट्टा बघतेय. तळ्याच्या काठी आहे ती. अरे, उल्ला म्हणते तूही तिथेच आहेस. दिसत नाही का तुला?"

एकहार्टचा हात बटव्यावर गेला.

"सिल्के, पट्टा माझ्याजवळ आहे."

ती म्हणाली, "मी पोलिसांना कळवते," आणि फोन बंद झाला.

ओल्या बुटांनी तो दुकानाशी परतला. काय शोधावं हेच त्याला कळत नव्हतं. मेजावर वाखाचे पेळू होते, सुरी होती, मेणाचा गोळा होता. भोवरा नव्हता.

ती कामाला गेली होती. तीस पावलं लांब. पण कुठून? यंदा झाडांच्या मुळांत दुकानाच्या खुंट्या ठोकायला नकोत म्हणून बागवाल्यांनी या दोघांची जागा बदलली होती. त्याआधीची एकवीस वर्षं ते लिंडनच्या झाडांच्या रांगेखाली बसायचे.

तो इतका पळाला की छातीत दुखायला लागलं.

रोस्विता शेवटच्या झाडाखाली ताठ उभी होती. दोन्ही हातांत भोवरा धरलेला, खाचा रिकाम्या.

"केव्हाची उभी आहे मी," ती कुरकुरली. "चालू कर की."

त्याला तिला मिठी मारायची होती. पण तिची नजर त्याच्यावर नव्हती, त्याच्यामागे जिथे चाक असायचं तिथे होती. त्याने मागे येणाऱ्या उल्लाला सांगितलं, "सिल्केला कळव, सापडली म्हणून." मग तो मोजून तीस पावलं मागे गेला, वळला आणि रिकामा हात गोल फिरवू लागला.

रोस्विता निघाली. एकेक पाऊल, भोवरा छातीशी, पीळ बसेल इतकंच सावकाश. बघे जमले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकहार्टचे डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही. ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हाच तो थांबला.

त्याने बटव्यातून नारिंगी पट्टा काढला आणि सगळ्यांच्या देखत तिच्या मनगटावर बांधला, बाहीच्या वर, लांबूनही दिसेल असा.

रोस्विताने हात उलटसुलट करून पाहिला. मग दबक्या आवाजात विचारलं, "हे चालतं इथं? तो दोरवाला ओरडेल ना."

"नाही ओरडणार," एकहार्ट म्हणाला.