निळा माईक

मोताळ्याच्या त्या आळीत वच्छलाबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आपल्या घरात टीव्हीचा आवाज किती असावा, हेसुद्धा त्याच ठरवीत. म्हणून आश्विनातल्या एका संध्याकाळी त्यांचा मुलगा अनंत याने कपाटावरचा गाण्यांच्या खेळाचा खोका खाली काढला, तेव्हा आधी आईच्या तोंडाकडे पाहिले आणि मगच त्यावरची धूळ पुसली.

"काढ," वच्छलाबाई म्हणाल्या. "वर्ष झालं आता. त्याच्यानं पोरीच्या तोंडून शब्द निघत असंन, तं निघू दे."

तो खेळ टीव्हीला जोडायचा असे. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकत आणि शब्दांखाली सुरांच्या पट्ट्या. सूर बरोबर लागला की पट्टी रंगाने भरे, आणि गाणे संपले की गुण दिसत. माईक दोन. लाल माईक नऊ वर्षांच्या रेवतीचा, निळा तिच्या आईचा, अश्विनीचा. घरची गाणी साठवून ठेवण्याची सोय त्या यंत्रात होती. अश्विनीने आपल्या माहेरची, उंद्रीची, भुलाबाईची गाणी एकेक करून त्यात भरली होती. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आळीतल्या पोरी घरोघरी मांडलेल्या मातीच्या भुलाबाईपुढे गात फिरत. या घरी मायलेकी टीव्हीसमोर उभ्या राहून गुणांसाठी भांडत. मागच्या वर्षी त्याच महिन्यात अश्विनीला ताप भरला. शहराच्या दवाखान्यात नेलेली सून तिथून चादरीत गुंडाळूनच परत आली. तेव्हापासून रेवती फक्त मान हलवून बोले.

त्या संध्याकाळी रेवतीने लाल माईक हातात घेतला. निळा तिपाईवर पडून होता. पोर बारीक आवाजात पहिले गाणे म्हणाली. वर्षभराने तो आवाज ऐकून अनंताचे डोळे भरून आले. गाणे संपले. पडद्यावर लाल माईकचे गुण आले, आणि त्याखाली निळ्याचेही. निळ्याचे जास्त होते.

"टीव्हीचाच आवाज धरला असंन त्यानं," अनंत हसून म्हणाला.

वच्छलाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या माईकमधले सेल काढून स्वतःच्या कमरेला खोचले आणि खेळ सुरू झाल्यावर गवारीच्या शेंगा निवडत समोर बसल्या. माईकचा दिवा लागला. त्यातून आवाज कसलाच येत नव्हता. नुसत्या निळ्या पट्ट्या एकामागून एक भरत गेल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी पट्टी किंचित पुढे सरकून थांबे. वच्छलाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. ओळीचे शेवटचे अक्षर जरा लांबवायची अश्विनीला खोड होती. त्यासाठी यंत्र तिचे गुण कापी आणि ती यंत्राला शिव्या देई. ते सगळे त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीआडून वर्षानुवर्षे ऐकले होते.

पण वच्छलाबाई भिणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोर खाऊ लागली होती, गाऊ लागली होती. आईच्या सावलीत लेकरू चार दिवस उभे राहिले, तर सावलीशी भांडायचे काय कारण? त्यांनी गप्प राहायचे ठरवले.

एके दिवशी त्या तांदूळ निवडत असताना मागून आवाज आला, "आत्याबाई, दूध उतू जाऊन राह्यलं."

वच्छलाबाईंनी गर्रकन मान वळवली. त्यांना आत्याबाई म्हणणारी एकच होती. दारात रेवती उभी होती, अंगात फ्रॉक, आणि एक हात खांद्यावर, पदर सावरावा तसा.

"काय म्हनलं वं तू?"

"दूध, आजी," रेवती डोळे चोळत म्हणाली. आधीचे तिला काही आठवत नव्हते.

त्या संध्याकाळी लाल पट्टीसुद्धा ओळीच्या शेवटी पुढे सरकू लागली. दोन-तीन दिवसांत लाल आणि निळ्या पट्ट्या अशा जुळल्या की कोणती कुणाची, कळेना. अनंत घाबरला. त्याने यंत्राची वायर काढून खोक्यात भरली. तर रेवती काळ्या पडद्यासमोर लाल माईक धरून बसली, ओठ हलवीत. जेवली नाही. हाक मारली तर वळली नाही. "अश्विनी" अशी हाक अनंताच्या तोंडून चुकून गेली, तेव्हा मात्र तिने ओ दिली.

वच्छलाबाईंनी यंत्र पुन्हा जोडायला लावले. "आदी तिले काय पाह्यजे, थे समजू दे."

आणि त्यांना समजले. निळा माईक सगळी गाणी म्हणे, शेवटचे मात्र म्हणत नसे. ते भुलाबाईच्या पाठवणीचे गाणे होते, भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो, त्याचे. त्या गाण्यात निळी पट्टी पहिल्या शब्दापासून रिकामी राही, कुणी उंबऱ्याशी ताटकळत उभे असावे तशी.

सून स्वतःहून उंबरा ओलांडत नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो आणि सासूने जा म्हणावे लागते. सवाष्ण मेली तरी तिच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे पडते. अश्विनीच्या वेळी दिवस कलत होता. थांबायचे नाही, असा शब्द वच्छलाबाईंनीच दिला होता. तिचा धाकटा भाऊ गोविंदा पिशवीत लुगडे घेऊन उंद्रीहून पोचला तेव्हा धूर निघत होता. तो वाटेवरूनच परत फिरला आणि पुन्हा या घरी आला नाही.

वच्छलाबाईंनी फोन लावला.

"गोविंदा, मी रेवतीची आजी. कोजागिरीले ये."

"सोयाबीन कापाले आलं हाय, मावशी. मंग पाहू."

"सोयाबीन थांबंन. तू ये. अन येतानी थे लुगडं आन."

"काऊन?"

"न्यायची राह्यली ती," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुले अन मले पोर वाचवाची हाय."

कोजागिरीच्या संध्याकाळी गोविंदा आला. वच्छलाबाईंनी त्याला मुऱ्हाळ्याच्या मानाने घेतले. पाय धुवायला पाणी, बसायला पाट, ताटात पुरणपोळी. पडद्यासमोर ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीच्या भुलाबाई मांडल्या होत्या. यंत्र सुरू झाले. रेवतीने लाल माईक घेतला. एकेक गाणे झाले आणि शेवटचे आले.

काळ्या रानी बैल थांबले, कोण आलं न्यायाला,
ताट वाढा, पाणी ठेवा माझ्या पाठच्या भावाला.

गोविंदाने पिशवीतून हिरवे लुगडे काढले, घडी मोडली आणि निळ्या माईकवर अंथरले. तो म्हणाला, "ताई, चाल. न्याले आलो."

या गाण्यात रोज रिकामी राहणारी निळी पट्टी हळूहळू भरू लागली.

तेवढ्यात रेवती उठली. तिने लुगड्याचा दुसरा पदर मुठीत धरला आणि शांतपणे म्हणाली, "थांब ना भाऊ. लेकराले संग घेतो."

गोविंदा पांढरा पडला. माहेरी जाणारी आपले धाकटे लेकरू घेऊनच जाते, हे तिथे कुणाला सांगायला नको होते. अनंत पुढे धावला, त्याला वच्छलाबाईंनी एका हाताने मागे सारले. दुसऱ्या हाताने पोरीचे मनगट धरले आणि तिच्या हातातला लाल माईक काढून घेतला. गाण्याचे शेवटचे कडवे सासूचे असते. चार माणसांत वच्छलाबाई आयुष्यात कधी गायल्या नव्हत्या. त्या गायल्या.

जाय सूनबाई माहेराला, वाट तुझी मोकळी,
माझ्या पदराला राहू दे तुझ्या वेलाची कळी.

निळी पट्टी अर्ध्यावर थांबली. पडद्यावरचे शब्दही थांबले. त्यांच्या मुठीतले मनगट गार पडत चालले होते, आणि लुगडे ताणले जात होते, ओढणारे कुणी दिसत नसताना.

वच्छलाबाईंनी सुनेला आजवर हुकूम केले होते. मागितले काही नव्हते. त्यांनी तेच कडवे पुन्हा म्हटले, या वेळी मान खाली घालून. "अश्विनी," त्या मध्येच सूर सोडून म्हणाल्या, "इतकी एक दे मले, माय."

मग निळी पट्टी भरली, अगदी शेवटपर्यंत, आणि शेवटच्या अक्षराला किंचित पुढे सरकली. माईकचा दिवा विझला. पोरीच्या मुठीतून पदर सुटला.

गोविंदाने माईक लुगड्यात गुंडाळला आणि छातीशी धरला.

"मांगे पाहू नको," वच्छलाबाई म्हणाल्या. तो मागे न पाहता बसस्टँडकडे निघाला.

"आजी, मामा कुठी गेला?" रेवतीने विचारले. मग तिनेच लाल माईक उचलला आणि पहिले गाणे लावले. घसा बसल्यासारखा, वेडावाकडा, तिचा स्वतःचा आवाज. ओळी मध्येच तुटत होत्या. यंत्राने इतके कमी गुण दिले की ती खुदकन हसली. वच्छलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि आटवलेल्या दुधाचा पेला तिच्या तोंडाला लावला.

सकाळी गोविंदाचा फोन आला. अंगणात रेवती पायऱ्यांवरून उड्या मारीत होती.

"पोचलो, मावशी."

"सुखरूप?"

"हाव." त्याच्या मागे, घराच्या आतल्या बाजूला, कुणीतरी हलक्या आवाजात गात होते आणि ओळीचे शेवटचे अक्षर लांबवत होते. गाणे थांबले. काही कुजबुज झाली. "मावशी, दिवाळीले रेवतीले पाठवसान का, म्हनते."

"कोन म्हनते?"

पलीकडे गाणे पुन्हा सुरू झाले.

वच्छलाबाईंनी अंगणाकडे पाहिले. दिवाळीला माहेरवाशिणीच्या लेकराला आजोळी बोलावतात. त्याला नाही म्हणायची रीत नाही.

"सांग तिले," त्या म्हणाल्या, "पोर येईन. पन मी संग राहीन, अन तिचं बोट मी सोडनार नाई."