लाकडांमागची बाटली

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी मोडक्या आगगाडीचं इंजिन आणून घरामागे ठेवलं आहे. तसं वाटणं साहजिकच आहे. लांबोडकं पोट, एका कडेला आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं आणि खाली चार पाय. पण मी कुठेही जात नाही. मी स्मोकर आहे, आता बऱ्यापैकी जुना. मंद धुरावर मांस शिजवायचं, एवढंच माझं काम. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये दादाराव गजभिये यांच्या परसदारी मी उभा असतो.

माझं कूळ म्हणाल तर तेलवाल्यांचं. तेल वाहून न्यायच्या जाड लोखंडी पाइपचा एक कोरा तुकडा कंपनीच्या आवारात उरला होता, तोच मी. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. त्या कंपनीत दादाराव इंजिनिअर होते आणि वेंडेल नावाचा एक धिप्पाड वेल्डर होता. वेंडेल मूळचा कॅन्सस सिटीचा. त्याने मला कापलं, जोडलं, झाकणाला बिजागऱ्या बसवल्या आणि पिकअपमध्ये घालून दादारावांच्या दारात आणून उतरवलं. मग आतून तेल चोळून दिवसभर नुसती आग पेटवून ठेवली. आपल्याकडे नवा तवा तयार करतात ना, तसंच. त्या दिवशी मी आतून जो काळा झालो, तो माझा दागिना आहे असं मी समजतो.

वेंडेलनेच दादारावांना सगळं शिकवलं. गाईच्या छातीचा थोराड, चिवट तुकडा, त्याला इथे ब्रिस्केट म्हणतात. मीठ, मिरपूड आणि (ही दादारावांची भर) नागपूरचं तिखट चोळून तो पहाटे माझ्या पोटात ठेवायचा. ओकच्या लाकडाची आग लहानच ठेवायची. दादाराव सारखे झाकण उघडून बघत, तेव्हा वेंडेल हसे. “डाडा, घाई असेल तर सँडविच खा,” म्हणे. दुपारी मांस मऊ पडलं की त्याचा चरबीचा भाग कापून चौकोनी तुकडे करायचे, गोड पाकात घोळवायचे आणि पुन्हा माझ्याकडे द्यायचे. तुकड्यांच्या कडा काळ्या, चिकट, कुरकुरीत होतात. हेच ते बर्न्ट एन्ड्स. पाकात लोणी, व्हिनेगर, गूळ आणि शेवटी व्हिस्की. व्हिस्की मात्र वेंडेलच्या हातची शिकवण, ती दादारावांनी कधी सोडली नाही.

आता गंमत बघा. गजभिये मंडळी बौद्ध. रोज सकाळी घरात त्रिसरण-पंचशील होई. त्यातलं पाचवं शील म्हणजे दारू आणि नशेच्या पदार्थांपासून दूर राहायचं. दादाराव ते मनापासून पाळत. ऑफिसच्या पार्टीत सगळ्यांच्या हातात ग्लास असत आणि हे आपले संत्र्याचा रस घेऊन उभे. तरी दर वर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला पार्कमध्ये आसपासची सगळी बौद्ध कुटुंबं जमत, पंचशील म्हणत आणि लगेच दादारावांच्या ट्रेवर तुटून पडत. त्या पाकात काय आहे, हे कोणी विचारलं नाही आणि दादारावांनी सांगितलं नाही. त्यांची बायको मीरा तेवढी चिडे.

“अहो, ती बॉटल माझ्या किचनमध्ये नको. आपल्या पोरीने, रोशनीने पाहिली तर? लोकांना काय एक्सप्लेन करू मी?”

“अगं, सगळी जळून जाते ती. अल्कोहोल उरतच नाही.”

“मग सांगा ना सगळ्यांना. लपवता कशाला?”

 दादारावांनी बाटली उचलली आणि माझ्या पोटाखाली लाकडं रचायची फळी आहे, तिथे ओंडक्यांच्या मागे सारून दिली. मला तोंड नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका वर्षी जयंतीच्या तोंडावर दादारावांची आई, सुमित्राआजी, नागपूरहून आली. आजी म्हणजे काडीसारखी बाई, पण आवाज खणखणीत. आल्या आल्या तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, झाकण उघडून वास घेतला आणि पसंतीची मान हलवली. तिच्या माहेरी मांसाच्या लांब चान्या कापून दोरीवर उन्हात वाळवत. “हे तं आपल्यासारखंच हाय. फक्त उन्हाच्या जागी धूर,” ती म्हणाली. मला भारी आनंद झाला. परदेशात नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

जयंतीला आजीने पंचशील सगळ्यांत मोठ्याने म्हटलं आणि बर्न्ट एन्ड्स सगळ्यांत जास्त खाल्ले. “माह्या पोराच्या हाताले चव हाय,” असं ती प्रत्येकाला सांगत होती. दादारावांना त्या दिवशी कोणी मोठं पदक दिलं असतं तरी त्यांनी एवढ्या अभिमानाने मिरवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला स्वस्थ बसवेना. ती झाडू घेऊन परसदारी आली आणि लाकडं नीट रचू लागली. ओंडके बाजूला होत गेले आणि बाटली समोर आली. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बूच काढून वास घ्यायला वाचता यावं लागत नाही. ती खाली जमिनीवरच बसली.

दादाराव बाहेर आले तेव्हा बाटली तिच्या मांडीवर होती.

“तू पेतं का रे?”

“नाही, आई. शपथ. मी ती मांसाला लावतो. पाकात घालतो.”

आजी हसली, पण ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. “तुहा बापही असंच म्हणे. गुडघ्याले लावाले आणली म्हणे. उभ्या जन्मात त्याचा गुडघा कधी दुखला नाही.”

“आई, खरंच सांगतो. काल तू खाल्लंस ना, त्यातच होती ती.”

हे बोलायला नको होतं. आजीचा चेहरा असा उतरला की मला झाकण मिटून घ्यावंसं वाटलं. “उभ्या जन्मात मी थेंब तोंडात घेतला नाही,” ती हळूच म्हणाली. “अन् तू मले खाऊ घातली. जयंतीच्या दिवशी.”

त्यानंतर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तिकीट बदलून घेतलं आणि एप्रिल संपायच्या आत नागपूरला निघून गेली. रविवारी फोन व्हायचा, पण तिकडची हवा आणि इकडची हवा एवढंच बोलणं. ठेवायच्या आधी ती प्रत्येक वेळी विचारी, “तब्येत बरी हाय ना?” तिला नेमकं काय विचारायचं आहे, हे दादारावांना कळे. बापाच्या वाटेने पोरगा चालला, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं आणि फोनवरून ते निघण्यासारखं नव्हतं.

दादारावांनी माझ्याकडे पाठ फिरवली. निळी ताडपत्री टाकली आणि विषय संपवला. मित्रांनो, शुगर लँडची हवा अशी दमट की भिंतींनाही घाम फुटतो. ताडपत्रीखाली मला बुरशी आली, मग गंज चढला. गांधीलमाशांनी धुराड्यात मातीचं घर बांधलं. रोशनीने एकदा विचारलं, “बाबा, व्हाय डोन्ट यू कुक एनीमोअर?” दादाराव म्हणाले, “वेळ नाही, बेटा.” वेळ भरपूर होता. ते रविवारी दुपारी खिडकीत उभे राहून माझ्याकडेच बघत असत. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

पुढच्या वर्षी मीराला दिवस गेले. बाळंतपणाला सासूने यायचं नाही तर कोणी? आजी आली. आयुषचा जन्म झाला, बारशाची गडबड ओसरली, आणि एका सकाळी आजीने परसदारी येऊन माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. गंज पाहून तिने कपाळावर हात मारला.

“दादा!” तिने हाक मारली. “काय हाल केले रे याचे? काहून बंद केलं?”

“तुला आवडलं नाही म्हणून.”

“मले दारू नाही आवडली. यानं माहं काय वाईट केलं?” तिने ताडपत्री बाजूला टाकली. “तू म्हणतं ना, जाळतो म्हणून? मग जाळून दाखव. मी इथं बसून पाहीन.”

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. आदल्या दिवशी मायलेकांनी मिळून मला तारेच्या ब्रशने घासलं. आजीने स्वतःच्या हाताने आतून तेल लावलं, आंघोळीआधी लहान मुलाला लावतात तसं, कोपरे न सोडता. पहाटे आग पेटली. आजी शाल पांघरून खुर्चीत बसली ती हललीच नाही. तिचा डोळा सारखा बाटलीवर. बाटली आता लाकडांमागे नव्हती, समोर टेबलावर होती.

दुपारी दादारावांनी तुकडे कापले. माझ्या आगीच्या पेटीवर कढई ठेवली, लोणी आणि गूळ वितळवला आणि त्यात व्हिस्की ओतली. वास सुटला. आजीने पदर नाकाला लावला. दादारावांनी काडी ओढली, तसा निळा जाळ कढईभर पसरला.

“हा वास आला ना, आई,” दादाराव जाळाकडे बघत म्हणाले, “की मला अजून आपल्या घराचं दार आठवतं. शाळेतून आलो की मी दारातच थांबायचो. आत जाऊ की नको. इथे मी ती ओततो आणि ती जळून जाते. मला नुसतं बघत राहावंसं वाटतं.”

आजीने नाकावरचा पदर खाली घेतला. “रात्री तो यायचा, तवा तुम्ही पोरं तं झोपलेले असत होते ना रे?”

“नाही, आई. आम्ही कोणीच झोपायचो नाही.”

आजी उठली. टेबलावरची बाटली घेतली आणि राहिलेली सगळी व्हिस्की कढईत उपडी केली. जाळ भसकन उंच उठला. दारातून रोशनी ओरडली, “आजी, केअरफुल!” दादारावांनी आईला दंडाला धरून मागे ओढलं.

“अगं, आता हा पाक कडू होईल. खाता नाही येणार.”

“नाही तर नाही,” आजी म्हणाली. “जळू दे.”

दोघं उभे राहून बघत राहिले. जाळ हळूहळू बसला. गूळ करपून कढईच्या बुडाला लागला. दादारावांनी तुकडे तसेच, बिनपाकाचे माझ्यात ठेवले आणि खुर्चीत टेकले. पहाटेपासून उभे होते बिचारे. मान कलली आणि ते गाढ झोपले, अगदी घोरू लागले. आजीने त्यांना उठवलं नाही. अंगावरची शाल काढून तिने त्यांच्यावर घातली, आपली खुर्ची माझ्या आगीजवळ ओढली आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओंडका सारत आग तिनेच सांभाळली.

मित्रांनो, मी लोखंडाचा. तुम्हाला शहाणपण काय शिकवणार? एवढंच सांगतो, तुमच्या घरामागेही माझ्यासारखं कोणी ताडपत्रीखाली पडलं असेल. ती ताडपत्री काढा. गंज खरवडा, तेल लावा, लहानशी आग करा. आणि तिच्याजवळ एकटे बसू नका. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, त्याला शेजारी खुर्ची द्या.