हरकतीची ओळ

विश्वास बसणार नाही तुमचा, पण साता समुद्रांपलीकडच्या सात न्यायाधीशांनी एकदा माझं टायपिंग वाचून टोप्या काढल्या होत्या. हसा खुशाल. खोटं निघालं तर हे बोट कापून देईन. तसंही ते नुसतं गुडघ्यावर टकटक करत असतं, नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी.

धरण व्हायचं होतं. कर्ज परदेशी बँकेचं आणि अटही तिचीच. ज्यांची घरं बुडणार, त्यांना आधी विचारायचं. एकाचीही हरकत नोंदली गेली, तर चौकशी होईपर्यंत पैसा बंद. जगभरच्या देशांनी मान्य केलेला माणसांचा हक्क तो. आमच्या धरण खात्याचे साहेब म्हणायचे, नियम त्यांचा, टायपिस्ट आपला.

म्हणून आमच्याकडे सुनावणीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप व्हायचं. हजर माणसांचा आकडा तेवढा मोकळा. मी मशीन घेऊन धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला होतो. ही काय, समोर मटार सोलत बसलीय. तिचंही घर बुडणाऱ्यांत होतं.

सुनावणीत साहेबांनी हरकत विचारली. सगळे चिडीचूप. धाकटी उठली आणि म्हणाली, "माझी आहे. विहीर आम्ही नवरा-बायकोनं खणलीय. ती उचलून नेता येईल का?"

साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? तयार कागद टराटरा फाडला, नवा चढवला आणि तिचा शब्दन्‌शब्द बडवला. अशा ठिणग्या उडाल्या की साहेबांच्या मिशीला चटका बसला. कागद विमानानं बँकेच्या त्या सात न्यायाधीशांपुढे गेला, कर्ज अकरा महिने अडलं, तेव्हा कुठे आपल्याला ही पक्की घरं मिळाली.

शेजारच्या गवंड्यानं विचारलं, मग नळाला पाणी का नाही? म्हटलं, ते खातं आठव्या न्यायाधीशाकडे, तो रजेवर होता.

सगळे हसले. धाकटी हसली नाही. मी उगीच उठलो, पुन्हा बसलो.

"दादा," ती शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "मी उठले, ते खरं. तू मान वर केली नाहीस. तो कागद आदल्या संध्याकाळी माझ्याच ओट्यावर टाइप झाला. मी पाणी घेऊन आले, तेव्हा शेवटची ओळ चालली होती, कोणाचीही हरकत नाही. मला वाचता येत होतं, दादा. तरी उठले. म्हटलं, ऐकून तरी खोडशील."