कळकलेली कढी

मी एक जुना तांब्याचा गंज आहे. गंज म्हटलं की तुम्हाला लोखंडावर चढणारा तांबूस थर आठवेल. पण मित्रांनो, आमच्या सेनगावकडे स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्यालाही गंजच म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने माझी चांगलीच थट्टा केली आहे. भांड्याला ज्याची सर्वांत धास्ती, तेच त्याचं नाव!

एका तांबटाने मला तीन दिवस ठोकून घडवलं आणि शालूबाईंच्या लग्नात मी त्यांच्या सासरी आलो. दर वर्षी कल्हईवाला यायचा. मला निखाऱ्यांवर तापवून, नवसागर टाकून, आतून पातळ कथील फिरवायचा. तो चंदेरी थर म्हणजे माझं चिलखत. ताक, चिंच, अंबाडी यांत आम्ल असतं. उघडं तांबं, आंबट आणि हवा एकत्र आली की तांब्याचे कण सुटतात आणि अन्नात विरघळतात. त्यालाच अन्न कळकलं म्हणतात. ते पोटात गेलं की माणसाचे हाल होतात. कथील मात्र आंबटाला सहजी दाद देत नाही.

१९४१ साली कल्हईवाला दारात आला तेव्हा शालूबाईंची शेतातली हळद काढायची घाई चालली होती. "औंदा ऱ्हाऊ दे, पुढल्या बारीला बघू," म्हणत त्यांनी त्याला परत लावलं. माझा थर तोवर जागोजाग विरला होता. मी मनातून चरकलो.

त्यांची सून सुमन नवीन होती, सहा महिन्यांची गरोदर. तिच्या माहेरी मातीची आणि लोखंडाची भांडी, त्यामुळे कल्हई तिने कधी पाहिलीच नव्हती. हळद शिजवायला पंधरा माणसं येणार, त्यांच्यासाठी कढी करायची होती. आदल्या दिवशी तिने मला घासायला घेतलं.

"बाई, केवढा मळ साचलाय!" कल्हईचा विटून करडा झालेला थर पाहून ती म्हणाली. विटकरीचा चुरा, राख आणि चिंच घेऊन ती घासतच राहिली. शेवटी माझं पोट लालबुंद झळकलं तेव्हा ती कौतुकाने हसली. तिचे कष्ट पाहून मला भरून आलं, आणि भीतीने माझी गाळण उडाली. मग तिने माझ्यातच ताक ओतून झाकून ठेवलं.

सकाळपर्यंत त्या ताकाने मला कणाकणाने पोखरलं. तिने त्याचीच कढी केली. हळदीच्या पिवळ्या रंगाखाली सगळं लपून गेलं. सुमनला आंबटाचे डोहाळे. तिने वाटीभर कढी घेतली आणि पिऊन टाकली.

"जराशी कडवट लागून राहिली," ती पुटपुटली आणि चव सुधारायला वरून चिंचेचा कोळ घातला! मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल?

ओसरीत पत्रावळी मांडल्या. माणसं हात धुऊन बसली. शालूबाई शेतातून आल्या, पळी उचलली आणि थबकल्या. माझ्या काठाशी, जिथे ताकाला हवा लागत होती, तिथे हिरवी रेघ उमटली होती.

"काहून गं, ह्याला आतून कशानं घासलं?"

"चिंचेनं, आत्याबाई. मळ लई व्हता."

"मळ न्हाई गं, कल्हई व्हती ती!" पळी तिथेच टाकून त्या ओसरीकडे धावल्या. "कुणी कढी मागू नका! कळकली!"

मग त्यांची नजर उष्ट्या वाटीवर गेली. "तू पिलीस?"

"एक वाटी."

सुमनला तिथेच उमळून आलं. ओकाऱ्या थांबेनात. शालूबाई तिला मांडीवर टेकवून घोटघोट पाणी पाजत होत्या. बाहेर हळदीची कढई कुणी बघितली नाही. सुमनचे सासरे ग्यानबा दारात येरझाऱ्या घालत होते. "एवढं बी कळत न्हाई का पोरीला?" ते करवादले.

"तिला काय बोलता?" शालूबाई कडाडल्या. "कल्हईवाल्याला दारातून मीच परत लावला. तिला सांगितलं बी न्हाई."

दुपार कलली. सुमन निपचित पडली होती. अचानक तिने सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "हललं, आत्याबाई. लेकरू हललं." शालूबाईंना रडू आवरेना. मला आसवं असती तर मीही रडलो असतो.

कढी खड्ड्यात ओतली गेली आणि कल्हईवाल्याला निरोप गेला. मित्रांनो, तुम्ही आम्हाला घासून चमकवता, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण आत बोट फिरवून बघत जा. कल्हई उडाली असेल तर आंबट घालू नका, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगा. सुमनने वाटी तोंडाला लावली तेव्हा मी तिच्यासमोरच होतो आणि मला नको म्हणता आलं नाही.