पासपोर्टातलं तोंड

ऑक्टोबरात बिश्केक शहरातल्या ओकच्या बागेत जो येतो तो पानं उधळतो. नवऱ्या उधळतात, पोट सुटलेले साहेब उधळतात, आणि वर मला बजावतात, "फोटो पानं हवेत असतानाच काढा हं!" पानं हवेत असतात तेव्हा यांचे डोळे मिटलेले असतात, हे कोण सांगणार? मी आपली दुपार कलायची वाट बघते. तिरपं ऊन पिवळ्या पानांतून गाळून तोंडावर आलं की खडूस माणूसही तेवढ्यापुरता गोड दिसतो.

असांकुल आजोबा आदल्या दिवशी एकटेच आले होते. त्यांच्या बायकोचं, बुरुल आजींचं, पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन होतं.

"पोरी, तिचा एक हसरा फोटो काढून दे," ते म्हणाले. "तिचा एकटीचा म्हणून फक्त पासपोर्टातला आहे. काही बरंवाईट झालं तर मुलं तोच थडग्याच्या दगडावर कोरतील. ते तोंड बघून दुवा मागायला आलेली माणसं कब्रस्तानाच्या फाटकातूनच माघारी फिरायची!"

"आजींना सांगितलंत?"

"मला आत्ताच मरायचं नाहीये. माझाच फोटो काढायचाय असं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. आजोबांच्या डोक्यावर पांढरी उंच कल्पाक टोपी, आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"अहो, मान वर करा. लग्नातसुद्धा असेच वाकून उभे होतात!"

मी माझी ठरलेली युक्ती काढली. "आजी, जरा तुम्ही उभ्या राहता? उजेड कसा पडतोय ते बघते."

त्या उभ्या राहिल्या. तोंड थेट पासपोर्टातलं. त्यांना हसवायला आजोबांनी ओंजळभर पानं उधळली, त्यातलं एक ओकफळ माझ्या कपाळावर बसलं. आजी ढिम्म. ऊन भराभर खाली चाललं होतं आणि माझा जीव वर-खाली होत होता.

"पोरी," आजी शांतपणे म्हणाल्या, "दगड तर काळा असतो. त्यावर ही पिवळी पानं दिसणार कशी?"

आजोबांचा चेहरा उतरला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जन्मात कधी मला बागेत फिरायला आणलंत? तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. या इकडे, माझ्या शेजारी. एकटीला दगडावर बसवलंत तर मी बोलू कोणाशी?"

"अगं, पण मी..."

"आणि तुम्ही माझ्यामागून येईपर्यंत हा फोटो चहाच्या टेबलासमोर लावा. तुमच्यावर ओरडायला घरात कोणीतरी नको का?"

झालं! आजोबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि घळाघळा रडायला लागले. ते बघून आजींना असं हसू फुटलं की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "बघ गं बाई! हसवायला आणलं मला आणि रडतायत हेच!"

मी बटण दाबलं. ऊन तोवर इमारतीआड गेलं होतं. एरवी असला अंधारा फोटो मी कुणाच्या हाती देत नाही.

आजोबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो कितीतरी वेळ बघितला. मग आजी ऐकणार नाहीत अशा बेताने म्हणाले, "छान हसलीय. त्यातून मला तेवढं कापून टाक, दगडासाठी."

घरी जाऊन मी खरंच कापायला बसले. पण आजींचा तळहात आजोबांच्या गालावर होता, डोळे पुसणारा. कुठूनही कापलं तरी तो हात तुटत होता.

मी फोटो तसाच दिला.