आमच्या घराचा धूर

आईच्या छातीत धूर बसलाय असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आई हसली.

"त्यात नवल काय? चौऱ्याऐंशी वर्षं मीच त्याच्यात बसलेय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तेमुको शहरातल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून स्वच्छ सांगितलं, की घरात लाकडाची चूल यापुढे पेटवायची नाही. या हिवाळ्यात पुन्हा असा दम लागला तर बर्फातून तुम्ही त्यांना इथवर आणू शकणार नाही.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या मायीन आल्तो या डोंगरातल्या गावापासून लोंकिमायचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात तासाभराची वाट. जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ धरला की कधी कधी नऊ दिवस रस्ताच नसतो.

माझी मुलगी यास्ना तेमुकोत नोकरी करते. तिने त्याच आठवड्यात गॅसचा हीटर आणि दोन सिलिंडर पाठवून दिले. सोमवारी मी हीटर लावला. आईला मी पुरती ओळखून आहे. माझी पाठ वळली की ती चूल पेटवणार, म्हणून शिडी लावून मी धुराड्याची नळीच उतरवली आणि छपरातल्या भोकावर पत्रा ठोकला. आई खुर्चीत बसून बघत होती.

"राखेतली भाकरी आता कशावर भाजायची?"

"गॅसवर."

"गॅसवर राख कुठून येणार?"

"मग नाही भाजायची."

तिने मान वर करून त्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एल्सिरा, सकाळच्या वेळी थोडा तरी धूर वर गेला पाहिजे."

"कशाला?"

"गेला पाहिजे म्हणून."

मी तिचं ऐकलं नाही. म्हातारपणचा हट्ट, असं म्हणून सोडून दिलं. आज वाटतं, हातोडी खाली ठेवून मी तिला आणखी एकदा तरी विचारायला हवं होतं.

पण मुळात जुन्या हिवाळ्यांचं कौतुक मला सहनच होत नाही. उन्हाळ्यात शहरातून माणसं येतात, आईपुढे फोन धरतात आणि आजीबाईंना म्हणायचं तसं पापाय म्हणत विचारतात, त्या काळी तुम्ही कसं निभावलंत? आईही मग रंगून सांगते. पेवेनच्या झाडाच्या बिया खड्ड्यात पाण्याखाली पुरायच्या, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ताज्या राहतात. मांस सुकवून चुलीवर टांगायचं. भाजलेलं पीठ पोत्यात. बर्फ छपराला टेकला की माळ्याच्या खिडकीतून बाहेर पडायचं. तिच्या तरुणपणी पुरुष जनावरं घेऊन खाली उतरायचे आणि बायका पोरांना घेऊन वर राहायच्या. हे सगळं खरंच आहे. ती सांगत नाही ते असं, की माझ्या आधीची दोन भावंडं त्याच हिवाळ्यांत, त्याच धुरात खोकून गेली. जमीन विरघळेपर्यंत त्यांना पुरतासुद्धा आलं नव्हतं. ते मी सांगते. मग ती माणसं फोन खिशात घालतात.

हिवाळ्याला तोंड द्यायची आईची रीत म्हणजे साठवायचं आणि थांबायचं. माझी रीत पळ काढायची. सोळाव्या वर्षी मी तेमुको गाठलं, तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात भाताची पातेली उपसली, आणि गावात फोन आल्यापासून दर रविवारी न चुकता आईला फोन केला. यास्नाची रीत आणखी निराळी. कुठल्या दिवशी किती वाजता बर्फ सुरू होणार, हे तिला दोन दिवस आधी फोनवर कळतं आणि ती मला कळवते. तीन हिवाळ्यांपूर्वी मी आईसाठी परत आले, तेव्हापासून मी दोघींच्या मधे उभी आहे आणि दोघींची बोलणी खाते आहे.

मंगळवारी पहाटे, यास्नाने सांगितलेल्या वेळेलाच, बर्फ सुरू झाला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. खिडकीतून गोठासुद्धा दिसत नव्हता. घर उबदार होतं. आईचा खोकला निम्म्यावर आला होता आणि मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होते.

शुक्रवारी आभाळ लख्ख निवळलं. माते या आमच्या कडवट चहासाठी मी पाणी तापत ठेवलं होतं. आई खिडकीला नाक लावून उभी.

"आता तरी पेटव," ती म्हणाली.

"आई, पुन्हा तेच?"

"बाहेर पेटव, अंगणात पेटव, कुठेही पेटव. तो निघेल."

"कोण निघेल?"

आईने ओठ आवळले. तेव्हा मला कळलं. आईच्या तोंडी ज्याचं नाव कधी येत नाही असा माणूस आमच्या खोऱ्यात एकच आहे. घळीपलीकडे, अगदी आमच्यासमोर, नोल्बेर्तो न्यांकुपिल राहतात. ऐंशीच्या घरातले, बायको गेल्यापासून एकटेच. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या बैलांनी आमचं बटाट्याचं शेत तुडवलं. आईने नको ते शब्द वापरले, त्यांनी आणखी नको ते वापरले, आणि त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं बंद. मोठ्या वयाच्या पुरुषांना आम्ही चाचाय म्हणतो; वाटेत भेटले तर मी चाचायांना रामराम करते, आणि ते माझ्याऐवजी माझ्या घोडीकडे बघून मान हलवतात.

"ते कशाला निघतील?"

"धूर नाही म्हणून," आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "सकाळी धूर नाही म्हणजे घरात कुणी उठलेलं नाही. मग समोरच्याने जाऊन बघायचं. माझ्या आईपासून असंच आहे. भांडण झालं म्हणून ते थोडंच बंद होतं?"

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"त्याचं नाव घ्यावं लागलं असतं!"

मी खिडकीशी गेले. पलीकडच्या उतारावर, कोऱ्या बर्फात, एक काळा ठिपका हळूहळू खाली सरकत होता. पाहता पाहता तो घळीत उतरला आणि दिसेनासा झाला.

माझं धाबं दणाणलं. तीन दिवसांचा भुसभुशीत बर्फ, त्याखाली ओढा, आणि त्यात ऐंशी वर्षांचा म्हातारा. त्यांच्याकडे फोन नाही. हाक मारावी तर घळीत पोचणार नाही. आता आग पेटवली तरी खालून काय दिसणार? एक माणूस मरायला निघाला होता, आणि तो मी ठोकलेल्या त्या पत्र्यामुळे.

"घोडी काढ," आई म्हणाली. आता तिचा आवाज अगदी शांत होता. "तू पुढे चालू नकोस. तिला पुढे घाल आणि तिची शेपटी धर. झुडपं वाकलेली दिसली की तिकडे जायचं नाही, खाली पोकळ असतं. ओढा ओलांडायचा तो मोठ्या खडकाच्या वरच्या अंगाने. ती अडली तर मारू नकोस. ती अडते तिथे काहीतरी असतं."

यातलं एकही वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, पण मी तेव्हा जायच्या घाईत असेन.

घोडी छातीने बर्फ फोडत उतरली आणि मी तिच्या शेपटीला लोंबकळत मागे. दोनदा ती अडली, दोनदा तिने वळसा घेतला. एरवी दहा मिनिटांची घळ, तासभर लागला. खडकाच्या वरच्या अंगाला चाचाय सापडले. कमरेपर्यंत रुतले होते. एक बूट ओढ्याच्या पाण्यात जाऊन आला होता आणि आता लाकडासारखा टणक झाला होता. हातात फावडं. डोक्यावर ठेवणीतली काळी टोपी, अंगावर धुतलेला पाँचो. माणूस मयताला निघाला होता.

"कोण आहे?" मी हातभर अंतरावर असूनही त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"मी, चाचाय. एल्सिरा."

"उबेर्लिंदा केव्हा गेली?"

"आई? आई आहे की! ठणठणीत आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग धूर?"

"गॅसचा हीटर घेतलाय," मी म्हणाले. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

त्यांचा चेहरा आधी सैल पडला, मग लाल झाला. "हीटर घेतलाय! आणि कुणाला सांगायची पद्धत? मी चार दिवस... तुझ्या हीटरला आग लागो, पोरी!" एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि ते माझ्या खांद्यावर कोसळले. त्यांना घोडीवर कसं चढवलं, ते माझं मला आठवत नाही.

घरी आल्यावर आईने त्यांचा बूट कापून काढला. बोटं पांढरीफटक पडली होती. तिने ती कोमट पाण्यात धरली. चोळली मात्र नाहीत, मलाही चोळू दिली नाहीत. बोटांत जीव येऊ लागला तसे चाचाय दात आवळून कण्हायला लागले.

"अठरा वर्षं बोलला नाहीस," आई पाण्याकडे बघत म्हणाली, "आणि आज मरायला इकडेच यायचं होतं?"

"तू तरी कुठे बोललीस? मी तापाने पडलो होतो तेव्हा आलीस, चूल पेटवलीस, सूप ठेवलंस आणि गेलीस. सूप खारट होतं."

"खाल्लंस ना?"

"खाल्लं."

"मग झालं तर."

"आणि रोज सकाळी बघत होतोच की मी," ते म्हणाले. "आणखी काय बोलायचं?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू आवरेना. तीस वर्षं मी तेमुकोत होते. दर रविवारी फोन करायचे, ठेवताना वाटायचं, चला, आईची काळजी घेतली. मधल्या सहा दिवसांचं काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ते सहा दिवस हा माणूस सांभाळत होता, आणि मी त्याचं नावसुद्धा घरात घेत नव्हते, आईला राग येईल म्हणून.

रविवारी रस्ता उघडणारं यंत्र आलं आणि त्याच्या मागोमाग दवाखान्याची गाडी. गाडीतल्या माणसाने बोटं तपासली. दोन बोटांचं काही सांगता येत नाही, म्हणाला, पण पाय वाचेल. पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि लोंकिमायला चला. चाचायांनी ठाम नकार दिला. आमच्याकडेही राहीनात. मंगळवारी सकाळी, पाय लोकरीत गुंडाळून, मी त्यांना घोडीवर बसवलं आणि पलीकडे पोचवायला निघाले. मधल्या काळात नवा बर्फ पडला नव्हता, त्यामुळे आमचीच वाट होती.

घळीतून वर चढलो आणि मी थबकले. घळीच्या काठापासून थेट त्यांच्या दारापर्यंत एक पाऊलवाट होती. आमच्यासारखी फोडलेली नव्हे, तुडवून तुडवून दगडासारखी कडक झालेली. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती. तीन दिवसांच्या वादळातसुद्धा कुणीतरी ती दररोज तुडवली होती, नाहीतर ती उरलीच नसती. काठाशी तुटलेल्या झाडाचा एक बुंधा होता, त्यावरचा बर्फ झाडून साफ केलेला. त्या बुंध्यापाशी उभं राहिलं की आमचं छप्पर समोर येतं, त्यावरचा पत्राही मोजून घ्यावा इतकं स्पष्ट.

पण आमचं छप्पर त्यांच्या दारातूनही दिसतं. लहानपणी तिथून मी आईला हात केलेला मला आठवतो.

"चाचाय, ही वाट कशाची?"

"कुत्र्याला फिरवायला लागते."

"कुत्रा तर उन्हाळ्यातच गेला ना तुमचा?"

ते घोडीच्या मानेवरचे केस सारखे करत बसले. मी दारापासून बुंध्यापर्यंत नजर टाकली. निदान तीनशे पावलं. एवढ्या बर्फात रोज तीनशे पावलं जायची आणि तीनशे यायची, आणि आता तर पाय टेकवायलाही मनाई.

त्यांना घरात बसवलं, त्यांची चूल पेटवली, सरपण हाताशी रचून ठेवलं. निघताना दारात थांबून मी म्हणाले, "उद्यापासून मी अंगणात पेटवत जाईन, आईपासून लांब. किती वाजता पेटवू?"

"उजाडलं की."

"बरं."

मी घोडीचा लगाम हातात घेतला. मागून त्यांनी हाक मारली.

"पोरी, पेवेनच्या लाकडाची राळ भरलेली गाठ टाकत जा त्यात. नुसत्या लाकडाचा धूर पांढरा असतो, बर्फात मिसळून जातो. काळा असला तर मला इथूनही दिसेल."